बगळा नव्हे, सारस

मँचेस्टरमध्ये मी कुंग फू शिकते असं पुण्यातल्या मैत्रिणींना कळवलं, तेव्हा दोघींनी हसण्याचे इमोजी पाठवले आणि तिसरीने विचारलं, "ऑफिसने सक्ती केली का?" त्यांची चूक नाही. शाळेत खो-खो खेळताना खो मिळाल्यावरही मी क्षणभर विचार करून उठायचे. पुढे वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरचं, म्हणजे बसून करायचं काम केलं. सेहेचाळिसाव्या वर्षी वाघाचा पंजा शिकायला जावं असं माझ्यात काही नव्हतं.

कारण साधं होतं. आधीच्या हिवाळ्यात एका सकाळी ट्रॅमच्या स्टॉपवर बर्फावरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, मनगट बरं झालं, पण चालताना जमिनीचा भरवसा वाटेना. ओला फुटपाथ दिसला की मी लोकांच्या कुंपणांना धरून चालायचे. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "हाताचं माझं काम संपलं. आता तोल सुधारायला काहीतरी शोध." लायब्ररीच्या फळ्यावर दोन कागद लावलेले होते. एक योगाचा, शनिवारी सकाळी. आणि शनिवारी सकाळी मला झोपायचं असतं. दुसरा कुंग फूचा, गुरुवारी संध्याकाळी साडेसहा, चर्चच्या हॉलमध्ये, घरापासून ट्रॅमने तीन स्टॉप. वयाची अट नाही, असं खाली हाताने लिहिलेलं होतं. मी गेले.

शिकवणारे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे, मलेशियातल्या पेनांगचे. विशीत नर्सिंग शिकायला इंग्लंडला आले, आयुष्यभर वॉर्डांत काम केलं आणि निवृत्त झाले. त्यांना सगळे सिफू म्हणतात, म्हणजे गुरुजी. अंगाने बारीक, आवाज इतका हळू की ऐकायचं तर आपणच गप्प बसावं लागतं. त्यांच्या हाताखाली एक इलेक्ट्रिशियन होता, बारा वर्षं शिकणारा, दाराएवढा उंच, दोन्ही दंडांवर गोंदलेलं. नवीन लोकांना तो बघायचा. आम्ही एकूण दहा-बारा जण.

या विद्येत पाच प्राणी असतात: वाघ, बिबट्या, साप, क्रेन आणि ड्रॅगन. वाघ हाडं मजबूत करायला, बिबट्या चपळ ताकदीला, साप श्वासाला, क्रेन तोलाला आणि ड्रॅगन मनाला, असं सिफूंनी पहिल्या दिवशी सांगितलं. "ड्रॅगन शेवटी. तो कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यात मला तुमच्या चुका काढता येत नाहीत," असंही म्हणाले. पहिले चार महिने मी वाघ केला. गुडघे वाकवून, घोड्यावर मांड ठोकल्यासारखं उभं राहायचं, बोटं आकडीसारखी वळवायची आणि पंजा कमरेतून पुढे न्यायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावरून मी आडवी उतरायचे. पण हळूहळू मांड्यांना समज आली, आणि नोव्हेंबरात सिफू म्हणाले, "आता क्रेन."

त्याच महिन्यात सासूबाई आल्या.

सासरे जूनमध्ये गेले. सासूबाई सत्तर वर्षांच्या. गोंदियाकडच्या एका तालुक्याच्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या. धाकटे दीर नागपूरला, आम्ही इथे. दोघा भावांनी फोनवर ठरवलं की आईने आता गावी एकटं राहायचं नाही. सहा महिने मँचेस्टर, सहा महिने नागपूर, आणि गावचं घर कुणाला तरी राहायला द्यायचं. आमचा मुलगा कॉव्हेंट्रीला युनिव्हर्सिटीत गेल्यामुळे त्याची खोली रिकामीच होती. सासूबाईंना कुणी काही विचारलं नाही, आणि त्याही काही बोलल्या नाहीत. एक बॅग घेऊन आल्या, त्यातली अर्धी बॅग पोह्याच्या पापडांची आणि तिखटाची.

आमचं आपसांत कधी भांडण झालं नव्हतं, पण फारसं बोलणंही नव्हतं. लग्नानंतर मी लगेच इकडे आले. दोन वर्षांतून एकदा पंधरा दिवसांसाठी गेलं की सून पाहुणीसारखीच राहते. आता सकाळी मी कामाला बसायचे, त्या खिडकीपाशी बसून समोरच्या घरची मांजर बघायच्या. संध्याकाळी विचारलं, "आई, काय केलंत आज?" तर म्हणायच्या, "काही नाही. बसली होती."

एका गुरुवारी नवऱ्याला ऑफिसच्या कामाने लंडनला मुक्काम होता. आदल्याच आठवड्यात घरातला धुराचा अलार्म फोडणीमुळे वाजला होता आणि सासूबाई घाबरून थंडीत बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना एकटं सोडायला माझं मन होईना.

"आई, माझ्याबरोबर येता का? तिथे बसायला खुर्ची असते."

"काय करता तुम्ही तिथे?"

"प्राण्यांसारखा व्यायाम असतो. वाघ, बिबट्या, साप. सध्या मी बगळा शिकतेय."

"बगळा," त्या म्हणाल्या, आणि स्वेटर घालायला गेल्या.

त्या दिवशी हॉलमधल्या हीटरशेजारी खुर्ची टाकून त्यांना बसवलं. इलेक्ट्रिशियनने न सांगता त्यांच्या पायांखाली एक गादीचा तुकडा आणून ठेवला. आमची रांग उभी राहिली. क्रेनमध्ये एक गुडघा वर घ्यायचा, दोन्ही हात पंखांसारखे पसरायचे आणि पाचही बोटांची टोकं जुळवून चोच करायची. मी पाय उचलला, डगमगले, टेकवला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. चौथ्या वेळी मागून हसण्याचा आवाज आला. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. जूनपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, पण तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही. मला फक्त राग आला.

परतताना ट्रॅममध्ये मी विचारलंच. "काय एवढं हसू आलं?"

"रागावू नको. तू बगळा म्हणाली ना? सिफूंनी केलं तो बगळा नाही. बगळा असा मान आखडून बसतो, मतलबी. त्यांच्या मागे चित्र होतं ना, डोक्यावर लाल, मान उंच? तो सारसाच्या जातीतला. आमच्याकडे धानाच्या बांधीत सारस येतात. तू करून राहिली होती तो ना बगळा, ना सारस. कोंबडी चिखलात फसल्यासारखी दिसत होती."

मला सारस शब्द माहीत होता, पण एखादा पुस्तकातला शब्द माहीत असतो तसा. क्रेन म्हणजे मराठीत काय, असं पुण्यात मला कुणी विचारलं असतं तर मी इमारत बांधणारी क्रेनच सांगितली असती. तीन स्टॉपांत त्या जितकं बोलल्या, तितकं आल्यापासून बोलल्या नव्हत्या. सारस माणसाच्या छातीपर्यंत येतो. जोडीने राहतो. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी असलं की गवताचा ढीग करून त्यावर अंडी घालतो. त्यांचे वडील तेवढा तुकडा कापणीला शेवटपर्यंत ठेवायचे.

पुढच्या गुरुवारी नवरा घरी होता, तरी साडेपाचलाच सासूबाई बूट घालून तयार होत्या.

वर्ग सुरू व्हायच्या आधी सिफूंनी मला विचारलं, "गेल्या वेळी तुझ्या सासूबाई कशाला हसल्या?" मी टाळायला बघत होते. ते म्हणाले, "नाही, खरंच सांग. चाळीस वर्षं मी हे शिकवतोय आणि कुणी हसत नाही. मला काळजी वाटते." मग मी सांगितलं, की त्या जिथल्या आहेत तिथे हे पक्षी असतात. सिफू म्हणाले, "मी पेनांगमध्ये शहरात वाढलो. माझे गुरू हाडं बसवायचे, ते लहानपणी चीनमधून बोटीने आलेले. मी क्रेन पाहिला तो चित्रात, आणि एकदा पिंजऱ्यात. मोकळा चालताना कधीच नाही. त्यांना विचार, तो चालतो कसा?"

मी मराठीत विचारलं. सासूबाई आधी लाजल्या. मग उठल्या, कार्डिगनची बटणं नीट लावली, साडीच्या निऱ्या हातात धरून जरा वर घेतल्या आणि हॉलच्या मधोमध आल्या. बूट आणि मोजे काढून ठेवले. दहा-बारा इंग्रज माणसं काळे पायजमे घालून गप्प उभी, आणि मध्ये माझ्या सासूबाई अनवाणी.

"हे बघ," त्या मला म्हणाल्या, पण बघत होत्या सिफूंकडे. "चिखलात पाय असतो. तो वर काढताना बोटं अशी मिटतात, मुठीसारखी. नाही मिटली तर चिखल सोडत नाही. मग टाकताना उघडतात, आधी पाहतात खाली काय आहे, मग भार देतात. तू काय करते? पाय उचलते तेव्हाच पडायच्या तयारीत असते. आणि खाली पाहते. तो खाली नाही पाहत. तो लांब पाहतो."

त्या पाच पावलं चालल्या. पाय काही फार वर उचलला नाही, सत्तर वर्षांचे गुडघे. पण पाऊल उचललं की बोटं मिटत होती, टेकताना पसरत होती, आणि मान स्थिर. मी भाषांतर करायचं विसरले. करायची गरजही नव्हती.

सिफूंनी आपले कापडी बूट काढले आणि त्यांच्या मागे चालून बघितलं. तीन वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या दिवशीचा वर्ग नेहमीसारखाच झाला. पण पुढच्या गुरुवारी आल्या आल्या म्हणाले, "सगळ्यांनी बूट काढा." आणि अर्धा तास आम्ही फक्त चाललो.

इलेक्ट्रिशियनला ते पटलं नाही. चहाच्या वेळी तो सिफूंना म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "फॉर्म हा फॉर्म असतो. पिढ्यान् पिढ्या जसा आला तसा करायचा. कुणी पाहुणं आलं म्हणून बदलायचा का?" फॉर्म म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, त्यातली एकही हालचाल कुणी आपल्या मनाने बदलत नाही. सिफू म्हणाले, "फॉर्म नाही बदलला. पाय बदलला." तरी दोन आठवडे त्याने बूट काढले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात काढले. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि बहुतेक खरं कारण तेच असावं असं सासूबाईंचं मत.

घरी मात्र नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो चिडला. "आई वर्गात करते? बघायला जाते म्हणालीस ना? पडली तर? इन्शुरन्सवाले विचारतील तर काय सांगू, कुंग फू करत होती?"

"चालतात त्या. फक्त चालतात."

"या वयात हाड मोडलं तर काय होतं माहितीये ना?"

सासूबाई शेजारीच वाटाणे सोलत बसल्या होत्या. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "मी इथेच बसली आहे. माझ्याशी बोल." नवरा ओशाळला, पण विषय सोडला नाही. शेवटी असं ठरलं की त्यांनी भिंतीजवळून चालायचं. पहिले दोन गुरुवार त्या भिंतीजवळून चालल्या. मग मध्ये आल्या, आणि मी घरी काही सांगितलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी वर्गानंतर हॉलच्या स्वयंपाकघरात आम्ही चहा पीत होतो. सिफू दर वेळी वर्गासाठी एक गुंडाळीचं चित्र आणून खिळ्याला लावतात. पाइनच्या झाडाखाली दोन क्रेन. त्या दिवशी ते चित्र गुंडाळताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. क्रेनची विद्या सुरू झाली ती एका मुलीपासून. तिने अंगणात धान्य वाळत घातलं होतं. एक क्रेन येऊन खायला लागला. ती बांबूची काठी घेऊन हाकलायला गेली. तो पळालाही नाही, उलटून अंगावरही आला नाही. तिने डोक्यावर काठी मारली, त्याने मान वळवली. पंखावर मारली, त्याने पंख मिटला. काठी त्याला लागेचना. ती बघत राहिली आणि शिकली.

मी ते मराठीत सांगत होते तसतशा सासूबाई मान हलवत होत्या. "धान वाळत घातलं तर येणारच," त्या म्हणाल्या. "मीही काठी घेऊन गेली होती. अकरा वर्षांची असेन. बांधीत त्याचं घरटं होतं, मला अंडी पाहायची होती. त्याने पंख उघडले, मान खाली केली आणि सरळ माझ्यावर आला. काठी टाकली, चप्पल टाकली, बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीपर्यंत पळाली."

"मग काय शिकलात?" मी सिफूंचा प्रश्न मराठीत विचारला.

"काही नाही. मी पळाली."

सगळे हसले. इलेक्ट्रिशियन सगळ्यात जास्त हसला. मग सिफूंनी चित्राकडे बोट दाखवलं आणि जरा आवाज उतरवून म्हणाले, "आमच्याकडे ही जोडी नवरा-बायकोच्या निष्ठेची खूण मानतात. म्हणतात, एक गेला की दुसरा खाणं सोडतो आणि दुःखाने मरतो." माझे सासरे गेल्याचं त्यांना मी सांगितलं होतं. सहानुभूतीनेच म्हणाले.

मी ते जपून मराठीत सांगितलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"आमच्याकडेही म्हणतात असंच. पण मी पाहिलं आहे. शाळेच्या मागच्या बांधीत जोडी होती. मोठ्या तारांना धडकून त्यातली मादी मेली. नर दोन दिवस तिथेच उभा होता. शाळेची पोरं रडली, मीही रडली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बोडीवर गेला आणि बेडूक खाल्ला. मी पाहिलं. पुढे किती तरी वर्षं एकटा यायचा. लोक तिसऱ्या दिवसाचं सांगत नाहीत. त्यांना गोष्ट पाहिजे असते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "त्या म्हणतात, की त्याला फार दुःख झालं होतं. पण काळ जातो तसं हळूहळू..."

"तू असं नाही सांगितलं पाहिजे," सासूबाई मला मध्येच म्हणाल्या. तीस वर्षं पाचवी ते सातवीला त्यांनी बाकी विषयांबरोबर इंग्रजीही शिकवलं होतं, आणि मी ते सोयीस्करपणे विसरले होते. त्या सिफूंकडे वळल्या आणि एकेक शब्द मांडत इंग्रजीत म्हणाल्या, "थर्ड डे, ही वेंट टू ईट. ही ॲट वन फ्रॉग. ही लिव्ह्ड."

सिफूंनी मान खाली घालून दोन्ही हात जोडल्यासारखे छातीशी आणले, वर्गाच्या सुरुवातीला करतात तसे. मग त्यांनी कप धुवायला घेतले.

ट्रॅममध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण मला एक गोष्ट आठवत होती. सासरे गेले तेव्हा नवरा आधीच तिथे होता, मी मिळेल त्या विमानाने गेले. पोचले तो तिसरा दिवस होता. शेजारून पिठलं-भात आला होता. सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होत्या. दुसऱ्यांदा भात वाढून घेतला आणि कांदा मागितला. नात्यातली एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "भूक लागते तरी कशी माणसाला." मी काही बोलले नाही. पण त्या संध्याकाळी तेच वाक्य मी नवऱ्याला म्हणाले, जणू माझंच. त्या वेळी मला ते खरंच वाटलं होतं.

"मला माहीत आहे, तू दारात उभी होती," सासूबाई एकदम म्हणाल्या. "त्या दिवशी."

"आई, मी..."

"हॉस्पिटलात अठरा दिवस मी बिस्किटांवर काढले होते. भूक लागली होती. बस, एवढंच."

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"तू काही बोलली नव्हती."

बोलले होते, फक्त त्यांच्यासमोर नाही. ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. मार्चमध्ये सांगितलं, भांडी पुसताना. त्या म्हणाल्या, "बरं केलं सांगितलं." पुढे दोन दिवस माझ्याशी कमी बोलल्या. मग पुन्हा बोलायला लागल्या.

मार्चमधल्याच एका रविवारी नागपूरच्या दिरांचा व्हिडिओ कॉल चालू होता. एप्रिलच्या शेवटी आई तिकडे येणार, मग गावच्या घराचं सामान कधी हलवायचं, ते घर राहायला घेणारं एक कुटुंब तयार आहे, असं दोघे भाऊ बोलत होते. सासूबाई जेवत होत्या. पोळीचा घास संपवला आणि म्हणाल्या, "घर कोणाला द्यायचं नाही. मी तिथे राहीन."

"कुणाबरोबर?" नवऱ्याने विचारलं.

"एकटीच."

"आई, आपलं ठरलंय ना."

"तुमचं ठरलं आहे. मला कोणी विचारलं नाही. मीही बोलली नाही, ती माझी चूक. आता बोलून राहिली आहे."

फोनमधून दीर बोलत होते, समोरून नवरा. हार्ट, पडणं, रात्रीबेरात्री काही झालं तर, लोक काय म्हणतील, सगळं आलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर असं बघण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी त्याच्या बाजूने बोलावं अशी अपेक्षा होती. मी म्हणाले, "राहू दे त्यांना. बाथरूमला धरायला दांडा बसवून घ्या, शेजारच्यांकडे किल्ली ठेवा. पण राहू दे."

तो दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी गाडीत म्हणाला, "तुला काय जातं म्हणायला. पण उद्या ती पडली तर मी इथून काय करणार?" त्यात खोटं काही नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला तू विचारलंस का, तिला कशाची भीती वाटते?" त्याने विचारलं, म्हणजे त्या रात्री जेवताना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "खिडकीत बसून मांजर पाहायची."

दांडा त्यांनी मान्य केला. घरात कॅमेरा लावायचं म्हटल्यावर साफ नाही म्हणाल्या.

त्यांच्या शेवटच्या गुरुवारी सिफूंनी त्यांना रांगेच्या पुढे उभं केलं. आम्ही सगळे मागे. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या चालल्या आणि आम्ही त्यांच्या मागून. कुणी घाई केली की त्या मागे न बघता म्हणायच्या, "हळू." दोन फेऱ्यांनंतर इलेक्ट्रिशियनही शेजारच्या मुलीला "हालू" म्हणायला लागला. आजही आमच्या वर्गात तो शब्द आहे. नवीन लोकांना तो चिनी वाटतो.

निघताना सिफूंनी त्यांना काळ्या कापडी बुटांचा एक जोड दिला. सासूबाईंनी उरलेले पोह्याचे पापड दिले आणि तळताना तेल किती गरम असावं ते मला भाषांतर करायला न लावता स्वतः सांगितलं.

एअरपोर्टवर व्हीलचेअर बुक केली होती. त्यांनी ती नाकारली नाही, म्हणाल्या, "लाइन लांब आहे, बसून जाईन." नवरा त्यांच्या पाया पडला आणि बराच वेळ उठलाच नाही. त्यांनी त्याच्या डोक्यावर दोन वेळा थोपटलं आणि म्हणाल्या, "चल, मागचे लोक थांबले आहेत."

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात त्यांना करमत नव्हतं. "संध्याकाळ फार लांब असते," असं स्वतःहून मला एकदा फोनवर म्हणाल्या. जुलैमध्ये अंगणातल्या शेवाळावर पाय घसरला आणि उजवा हात मुरगळला. आम्हाला आठ दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याने कॉल लावला आणि मला वाटलं आता ओरडेल. पण त्याने विचारलं, "स्वयंपाक कसा करतेस?"

"डाव्या हाताने," त्या म्हणाल्या. "पोळ्या वाकड्या होतात. खायला मलाच लागतात."

ऑक्टोबरात तो तीन आठवडे गावी जाऊन राहिला, तिथूनच ऑफिसचं काम केलं. अंगणातलं शेवाळ घासून काढलं आणि फरश्या बदलून घेतल्या. परत आला तेव्हा थोडा जाड झाला होता. कसं होतं विचारलं तर म्हणाला, "तिचं सकाळी सगळं ठरलेलं असतं. साडेसहाला फिरणं, मग पेपर, मग शेजारच्या दोन मुली इंग्रजी शिकायला येतात. मी मध्ये मध्ये येत होतो." बॅग उघडून त्याने तिखटाची पुडी काढली आणि ओट्यावर ठेवली. "आणि रोज फोन करू नका म्हणाली. एक दिवसाआड चालेल."

मग त्याने फोन काढून कॅलेंडरमध्ये एक दिवसाआडच्या खुणा केल्या.